वेणू जेवल्यावर

हरिचंद्रने वाटीतल्या रश्शावरचं एक पान चमच्याने बाजूला केलं.

"तुळस हाय ही?"

"त्यांच्याकडची तुळस, बाबा. भाजीत घालतात ते लोक," करिष्मा म्हणाली. "रस्सा आपल्यासारखा नारळाचाच आहे. खा, विष नाही घातलेलं."

"सुनेनं आणलंय. भरवसा काय?"

ती हसली. असं काही तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या गल्लीत चार टेबलांचं ते थाई हॉटेल होतं. पूर्वी तिथे जीन्स शिवत. वरच्या मजल्यावर मशिनी अजून चालायच्या, त्यांची थरथर ग्लासातल्या पाण्यात दिसत होती. मालक हासानंद सिंधी. बँकॉकला कापडाच्या दुकानात नोकरीला होता, तिथल्याच नोईशी लग्न करून परत आला. नोई रांधायची, तो गल्ल्यावर बसायचा.

करिष्माने सासऱ्याला मुद्दाम बाहेर आणलं होतं. घरी हे बोलणं निघत नव्हतं. बायको वेणू गेल्यापासून हरिचंद्र रोज दोन ताटं वाढायचा, एक तिचं आणि एक आपलं. तिचं ताट ओटीवर ठेवायचा, मग ते गाईला घालायचा. पण आपल्या ताटातलं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता.

"वर्षश्राद्ध झालं, बाबा. प्रीतम म्हणतो, आता आईचं ते ताट बंद करा. भटजीपण म्हणाले, रोज बोलावलं तर आईंचा पाय निघणार नाही इथून."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही जेवावं. बाकीचं मला कळत नाही."

हरिचंद्रने मान खाली घातली. आपण वेणूला अडकवून ठेवतोय का, हे त्यालाही कळत नव्हतं. तिला न वाढता एकट्याने घास उचलायचा, हेही जमत नव्हतं.

आत नोई काहीतरी कुटत होती. सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा वास आला, आणि हरिचंद्रने मान वर केली. सोडे त्याच्या घरात वेणू गेल्यापासून आले नव्हते.

थोड्या वेळाने नोई एक लहान ताटली घेऊन बाहेर आली. गल्ल्यामागच्या फळीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. नोईने ताटली फोटोपुढे ठेवली. भात, शेंगदाणे आणि सोडे घालून कुटलेली कच्ची पपई. शेजारी लाल सरबताचा ग्लास ठेवला, त्यात नळी घातली आणि नळीचं तोंड फोटोकडे वळवलं. मग हात जोडले.

हरिचंद्र बघतच राहिला. कुठल्या मुलखातली बाई. समुद्रापलीकडची. तो उठून गल्ल्यापाशी गेला.

"ये कौन?"

"मेरा मम्मी."

"रोज देती?"

"रोज. पहले मम्मी, बाद में हम."

"फिर वो... इधर अटकती नहीं?"

नोईला समजलं नाही. हासानंदने तिच्या भाषेत सांगितलं, तशी ती खळखळून हसली.

"मेरा मम्मी? एक जगा बैठता नहीं वो. जिंदा था तब भी नहीं बैठता था."

"पूरा बाजार घूमती थी," हासानंद म्हणाला. "मेरे को थैली पकड़ाके."

हरिचंद्रही हसला, पण त्याची नजर ताटलीवरच होती. तो तिथेच उभा राहिला. काही वेळाने नोईने फोटोकडे बघून हलकेच काहीतरी विचारलं, ताटली खाली घेतली आणि स्टुलावर बसून त्याच ताटलीत जेवायला लागली.

"अरे, ये तो उनका है ना?"

"पूछ लिया मैं. बोला, पेट भर गया," नोई घास चावत म्हणाली. "अब मेरा."

हरिचंद्रचा हात गल्ल्याच्या कडेवर टेकला. लग्न झाल्यापासून वेणू त्याच्या मागून जेवली, त्याच्याच ताटात. वेगळं ताट घे म्हटलं की म्हणायची, एक ताट कमी घासायचं. तो कधी तिच्या मागून जेवला नव्हता.

टेबलावर परत येऊन तो म्हणाला, "अजून एक ताट मागव. आणि ती पपई."

करिष्माचा चेहरा पडला. तरी तिने हात वर करून दोन्ही मागवलं.

त्याने भात वाढला, रस्सा घातला, पपई वाढली. सोडे वेचून भातावर ठेवले. ताट रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं आणि हात मांडीवर घेऊन बसला. वरच्या मशिनी जेवणाच्या सुट्टीसाठी थांबल्या. ग्लासातलं पाणी स्थिर झालं.

मग तो खुर्चीकडे जरा वाकला.

"झालं का गो?"

थोडा वेळ तो तसाच थांबला. नंतर त्याने ते ताट आपल्याकडे ओढलं, भात कालवला आणि घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाय," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

करिष्माने त्याच्यापुढचं कोरं ताट उचललं आणि शेजारच्या टेबलावर ठेवून दिलं.