खाणीवरची धावपट्टी

हौशी वैमानिकांच्या त्या क्लबात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. चौतीस वर्षं भूमापन खात्यात जमिनी मोजल्या आणि निवृत्तीनंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, बाई विमान चालवायला शिकल्या. स्वतःचं विमान घेण्याची ऐपत कुठली असणार? क्लबच्या दोन आसनी विमानात रविवारचा एक तास मिळायचा. उरलेला आठवडा बाई त्या तासाच्या आशेवर काढायच्या.

विमानातल्या जीपीएसला मोठे विमानतळ तोंडपाठ असतात. माळावरच्या गवताळ धावपट्ट्या मात्र त्याच्या खिजगणतीतही नसतात. त्यांचे अक्षांश-रेखांश आपणच भरावे लागतात. क्लबात हे काम सचिव करत. त्यांनी केलेली यादी छोट्या मेमरी कार्डांवर चढे आणि ती कार्डं सगळ्यांच्या विमानांतल्या जीपीएसमध्ये जात. यादीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच. नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हे तो.

येत्या रविवारी सात विमानं एका नव्या धावपट्टीवर उतरणार होती. शुक्रवारी बाईंनी यादी चाळली आणि त्या एका आकड्यावर थांबल्या. धावपट्टीच्या मालकाने अक्षांशाची मिनिटं कळवली होती सत्तावीस, आणि वर अठ्ठेचाळीस सेकंद. क्लबची यंत्रं सेकंद घेत नाहीत, त्यांना मिनिटांचे दशांश लागतात. अठ्ठेचाळीस सेकंदांचे होतात ऐंशी शतांश, म्हणजे भरायचे २७.८०. सचिवांनी ठोकून दिले होते २७.४८! आजवर सगळे मालक दशांशातच आकडे देत, म्हणून त्यांचं निभावलं होतं.

"साहेब, तुमची धावपट्टी सहाशे मीटर सरकलीये. नकाशात बघा, थेट दगडाच्या खाणीवर गेलीये, आणि तिथे विजेच्या तारा आहेत."

"मोजणीबाई, तुमची नोकरी संपली. बारा वर्षं मी ही यादी करतोय."

"मग बारा वर्षांत एक चूक माफ. दुरुस्त करा."

"यादीला कुणी हात लावला, तर त्या दिवसापासून त्याचं उड्डाण बंद. तुमचंसुद्धा."

बाकीच्या सभासदांपैकी एकाने छताकडे बघायला सुरुवात केली.

शनिवारी बाई धाकट्या बहिणीला स्कूटरवर मागे बसवून त्या माळावर गेल्या. बहीण शिवणकाम करायची, तिला मापातली चूक कळायला वेळ लागत नसे. हातातल्या छोट्या जीपीएसवर धावपट्टीच्या टोकाशी आकडा आला, २७.८०.

"ताई, तुझंच खरं आहे. पण त्या सचिवाने तुझा तास काढून घेतला, तर घरात माझं डोकं खाशील."

"खाईन."

"मग जा बाई, कर काय करायचं ते."

क्लबातल्या संगणकाला पासवर्ड नव्हता. सचिवांचा धाक पुरत असे. संध्याकाळी बाईंनी आकडा बदलला, सातही कार्डं नव्याने भरली आणि त्या जागेच्या टिपणात लिहिलं: 'पायी मोजून दुरुस्त केले. मोजणीबाई.' चोरून केलं असं कुणी म्हणायला नको.

रविवारी धुरकट हवा होती. सातही विमानं त्या धुरक्यातून नेमकी गवतावर उतरली. सचिव सगळ्यांत आधी उतरले होते, त्यामुळे भाषणही त्यांचंच.

"काही लोक म्हणत होते, यादी चुकली. पाहिलंत ना? आणखी नऊ मालकांनी सेकंदांतच आकडे पाठवलेत. तेही मी असेच भरणार!"

गप्प राहिलं असतं तर बाईंचा तास शाबूत राहिला असता. पण नऊ धावपट्ट्या!

"तुम्ही उतरलात तो आकडा माझा आहे," बाई उठून म्हणाल्या. "काल मी यादी बदलली. टिपण उघडा, नाव लिहिलंय."

सचिवांनी आपल्या विमानातल्या जीपीएसवर ते उघडलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "नियम म्हणजे नियम. तुमचं उड्डाण बंद."

बाईंनी क्लबच्या विमानाची किल्ली काढून सचिवांच्या हातावर ठेवली. "बंद तर बंद. आता चला माझ्याबरोबर."

छोट्या जीपीएसवर २७.४८ लावून त्या चालू लागल्या. छताकडे बघणारा पहिला निघाला, मग सगळेच. शेवटी नाइलाजाने सचिव. काटेरी झुडपं ओलांडून मंडळी खाणीच्या कडेला आली आणि जागच्या जागी थांबली. समोर भला मोठा खड्डा होता, वर तारा गुणगुणत होत्या.

बाईंनी यंत्र सचिवांच्या पुढे धरलं. "तुमची यादी अजून चाळीस मीटर पुढे जा म्हणतेय. जा ना, साहेब."

सचिवांनी खाली खड्ड्यात पाहिलं. मग त्यांनी मूठ उघडून किल्ली पुढे केली.

बाईंनी ती घेतली नाही. "आधी त्या नऊ धावपट्ट्यांची यादी द्या," त्या म्हणाल्या. "किल्लीचं नंतर बघू."