ग्लेनिसचा चहा

सव्वीस वर्षांत ग्लेनिसनं ऑपरेशनच्या सकाळी चहाला तोंड लावलं नव्हतं. पेशंटचं हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतलं, की मशीनवाल्या माणसाला स्टूल सोडता येत नाही. टाकीतलं रक्त संपलं तर अंगात हवा जाते, मग देवाचा बापही वाचवत नाही. पण आज रॉस डॉक्टर म्हणाला, "तासाभराचं काम आहे," आणि टाउन्सविलच्या जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या गारठ्यात बाईची मती फिरली. मोठा मग भरून तिनं चहा ढोसला.

आता तिसरा तास चालू होता. टेबलावर ऊसवाला डगी छाती उघडी टाकून पडला होता आणि रॉस टाके घालता घालता आपण पकडलेल्या बारामुंडी माशाची गोष्ट सांगत होता. माशाची लांबी दाखवायची वेळ आली की मेल्याचे दोन्ही हात थांबायचे. बदली यायचा तो दुसरा मशीनवाला केर्न्सला मेहुणीच्या लग्नात नाचत होता.

"रॉस, तुझा मासा गेला खड्ड्यात!" शेवटी ग्लेनिस ओरडली. "मला लघवीला लागलीय. मुकाट्यानं शिव!"

"अगं, मग आधी सांगायचंस ना!"

"आधी तू तोंड मिटायचंस ना!"

नर्स नोरीन फिस्सकन हसली. तिच्या जिभेला हाड नव्हतंच. "बादली आणू का गं?"

"आण, आणि याच्या डोक्यावर पालथी घाल."

रॉसनं मासा अर्ध्यात सोडला. वीस मिनिटांत डगीचं हृदय धडधडायला लागलं. ग्लेनिसनं मशीन हळूहळू उतरवत आणलं. "पंप बंद," ती म्हणाली आणि उठली. दार सहा पावलांवर होतं.

तेवढ्यात पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा घसरला. ऐंशी, साठ, चाळीस. डगीचं हृदय फुगून गप्प पडलं.

"परत घे!" रॉस किंचाळला.

नळ्या अजून जागेवरच होत्या. ग्लेनिस धपकन बसली, नळ्यांवरचे चिमटे काढले, पंप सुरू केला. "परत पंपावर," तिनं सांगितलं, आणि खाली जे व्हायचं होतं ते होऊ दिलं. गरम गरम, पार मोज्यांपर्यंत. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण नजर टाकीवरून हलली नाही.

अकरा मिनिटांनी डगीचं हृदय पुन्हा चाललं आणि या खेपेला शहाण्यासारखं चालतच राहिलं. नळ्या निघाल्या. ग्लेनिस मात्र उठेना.

"जा की आता! एवढा कांगावा केलास तो कशाला?" रॉस म्हणाला.

नोरीनची नजर फरशीवर गेली. ती काही बोलली नाही, आणि हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. हृदय गार करायला ठेवलेलं बर्फाच्या पाण्याचं भांडं तिनं उचललं, चार पावलं चालली आणि ठेच लागल्याचं सोंग करून सगळं ग्लेनिसच्या मांडीवर ओतलं.

"अगं बाई! भिजलीस की गं पार," ती म्हणाली. "जा, कपडे बदल."

ग्लेनिस तिच्याकडे बघत राहिली, मग उठून गेली. रॉसनं नोरीनचा यथेच्छ उद्धार केला, वेंधळी म्हणाला, आंधळी म्हणाला. नोरीननं तो मान खाली घालून ऐकला आणि फडकं घेऊन स्वतःच फरशी पुसायला बसली.