चिंगीची तहान

नऊ वर्षांत शरणम्मानं चिंगीवर कधी हात उगारला नव्हता. तिच्या लेकीनं, रुद्राणीनं, कॉलेजात असताना घराजवळच्या गटारीकडेनं हे कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं होतं. लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि कुत्री आईकडेच राहिली. शरणम्मा घरी टॉवेलांना शिलाई मारायची, तेव्हा चिंगी मशीनच्या पायडलपाशी पसरायची.

यंदा चैत्रापासून चिंगी सारखी पाणी पिऊ लागली. भांडं भरलं की रिकामं.

"आई, डॉक्टरला दाखव की," रुद्राणी फोनवर दोनदा म्हणाली.

"ऊन लई हाय, म्हणून पितीया. दाखवते," म्हणून शरणम्मानं विषय टाळला.

एका दुपारी टॉवेल न्यायला टेम्पो दारात आला आणि नेमकी तेव्हाच चिंगी गठ्ठ्यावर मुतली. शरणम्माचा तोल गेला. तिनं झाडूचे दोन तडाखे दिले, कुत्रीला जिन्याखालच्या खोलीत कोंडलं आणि पाणीही ठेवलं नाही. संध्याकाळी दार उघडलं, तर चिंगीला उठता येईना. शेपटी मात्र तिनं हलवली.

रिक्षा करून शरणम्मानं तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं निकामी होत आलीत. म्हणून इतकी तहान. लघवी आवरणं तिच्या हातात नव्हतं."

"आधी आणली असती तर?"

"काही महिने मिळाले असते. कदाचित जास्तही."

कोंडल्याचं त्यांना सांगायला तिची जीभ रेटली नाही. सहा दिवस सलाईन लावलं. रात्रंदिवस ती चमच्यानं पाणी पाजत राहिली. सातव्या दिवशी सकाळी तिच्या मांडीवरच चिंगीनं प्राण सोडला. शेजारच्या शिवूनं कुंभारी गावातल्या त्याच्या शेतात, बांधाकडेच्या चिंचेखाली खड्डा काढून दिला.

घरी येऊन तिनं लेकीला फोन लावला.

"मी मारलं गं तिला. पाण्याविना कोंडलं. तू सांगत हुतीस, मी ऐकलं न्हाय."

"मला आत्ता बोलवत नाही, आई," म्हणून रुद्राणीनं फोन ठेवला.

दोन दिवस तिचा फोन आला नाही. शरणम्मानंही केला नाही; लेकीचा राग खरा होता. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"कुठं पुरलंय तिला?"

"कुंभारीला. चिंचेखाली."

"रविवारी येते. मला दाखव."

"ये," शरणम्मा म्हणाली. आणखी काही बोलायचं होतं, पण तिला रडू आलं, आणि लेकीनं या खेपेला फोन ठेवला नाही.