बेटाच्या पाण्यात पेडगावची डाळ

बेटावर घर घ्यायचं ठरलं आन आमचे मालक उठताबसता निसतं समुद्र समुद्र करायले. पेडगावात त्यांला बन्सीधर गुरुजी म्हणतेत. माणूस रिटायर झाला, पण अक्कल अजून रजेवरच हाय. आमची लेक प्रियांका तिकडं कोकणातल्या बेटावर नर्स हाय. तिला लेकरू झालं तसा मला हितं घास गोड लागंना. नातीला मोबाइलच्या काचंवर बोट फिरवून किती दिवस कुरवाळायचं?

"देवळामागची आळी, जेट्टीजवळची, न्हाईतर खाडीकडची. कोणती घ्यायची सांग," मालक म्हणले.

"फोटो बघून काय सांगू? तिन्हीकडचं पाणी आणा. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजंल, तिथं घर. कुठंच न्हाई शिजली तर घरच न्हाई."

हसू नका. आमच्या दारातल्या बोरला पाणी लय, पण जड; त्यात डाळ दुपारपस्तोर ठिवा, दगड ती दगडच. सैपाकाचं पाणी मी जलमभर मारुतीच्या आडावरून डोक्यावर आणलंय. आता म्हातारपणी त्या बेटावर कुठं आड हुडकत फिरू?

मालक जाऊन आले. बाटल्यांवर आळ्यांची नावं लिहिलेली. मी शेजारच्या मालनबाईला साक्षीला बसवलं आन एकामागं एक डाळ चढवली. पहिली शिजंना. दुसरी शिजंना. तिसरीचा दाणा दाबून बघितला, तर बोटच दुखलं.

"संपलं," मी म्हणले. आन बाई, मला रडूच फुटलं की, मालनबाईच्या म्होरं. त्या पोरीचं जावळ, तिचं रांगणं, सगळं आता काचंतच बघायचं.

मालक उठले, बसले, परत उठले.

"नर्मदे, रडू नको. ते पाणी बेटाचं न्हाई."

"मग कुठलं?"

"आपल्याच बोरचं. पोखर्णीच्या नरसिंहाची आण."

झालतं असं. परभणीहून येताना जीपमधी कुणीतरी विचारलं, गुरुजी, बाटल्यात काय हाय? ह्यांनी तोऱ्यात सांगितलं, समुद्रातल्या बेटाचं पाणी. मग काय! "बघू बघू, खारट लागतं का?" करत सगळ्या जीपनं घोट घोट घेतला. गावात उतरले तवा बाटल्या खडखडीत. माझ्या भ्यानं ह्यांनी गुपचूप दारातल्या बोरवर भरून आणल्या.

मला असला राग आला! उलथनं उचललं मी. "आवं, मी हितं नातीसाठी जीव तोडायले, आन तुमी जीपमधी पाणपोई घातली व्हय?"

मालनबाई पदरात तोंड घालून हसायली. मालक दाराकडं सरकायले. तवा माझ्या ध्यानात आलं. उलथनं खाली ठिवलं.

"थांबा. जीपमधी कोणती बाटली आधी संपली?"

"देवळामागच्या आळीची. डायव्हरनं जीप उभी करून परत मागितली."

"मग तीच आळी. जड पाणी कोण परत मागतंय? करा जावयाला फोन."

"डाळ न शिजवताच?"

"डाळ मी तिकडं नातीला मांडीवर घेऊन शिजवते. ह्या तिन्ही पातेल्यातली तुमी खायची. चावून."