नवसाबाईच्या कड्या

या, अशा जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर माझ्याच पापाची गोष्ट सांगते.

सराफ बाजारात मी वीस वर्षं चांदीचे दागिने जोडते. यंदा गल्लीतल्या देवळातल्या रामाच्या हाराचं काम आलं, आणि आमच्या दुकानाच्या मनोजशेठनी ते पेठ गावाहून आलेल्या नवसाबाईला दिलं! का, तर ताण पडला की हार जोडायच्या माझ्या बारीक कड्या उघडतात, तिच्या उघडत नाहीत. मी नुसती जळत होते.

ती काही लपवत नव्हती. म्हणाली, "ताई, कडीचं तोंड फाकवायचं नाय. एक टोक पुढं, एक मागं, आठ-दहा येळा हलवायचं. चांदी आपसूक ताठ होते."

शिकले असते तर काय बिघडलं असतं? पण ती जेवायला गेली, आणि मी तिच्या तयार कड्या जाळावर धरल्या. तापली की चांदी मऊ पडते, हे मला पक्कं ठाऊक.

परत येऊन तिनं एक कडी चिमटीत दाबली, तर ती लगेच वाकली.

"कड्या तापल्यात, का तुम्ही?" ती हसली. "घ्या पक्कड. निम्म्या तुम्ही हलवा."

हार पुरा झाल्यावर ती शेठना म्हणाली, "दोघींनी केलाय." त्या बोलण्यानं माझा जीव आणखीच जळला. मला राम एकटीलाच हवा होता ना!

ते बघा, बुवा उभे राहिले. रामापुढं हात जोडाल तेव्हा माझं राहू द्या, पण नवसाबाईची आठवण ठेवा.