रवीचा सर्व्हर आणि याडीचा ढावलो

माझा नवरा रवी माणूस वाईट नाही. फक्त काही विकत घ्यायचं असलं की तो आधी त्याचा अभ्यास करतो, आणि अभ्यास सुरू झाला की ती वस्तू घरात येत नाही. या वेळी त्याला घरच्या घरी सर्व्हर बनवायचा होता. म्हणजे घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज एका पेटीत ठेवायचे आणि ती पेटी कायम चालू ठेवायची. उमरखेडला लाईन गेली की पेटी इन्व्हर्टरवर चालणार, आणि आमच्या इन्व्हर्टरचा जीव दोन पंखे आणि एक दिवा एवढाच. म्हणून पेटी कमी वीज खाणारी पाहिजे. इथवर मलाही पटलं होतं.

मला घाई होती ती याडीच्या आवाजाची. याडी म्हणजे माझी आई, रुखमाबाई. ती आता नाही. आम्हा बंजाऱ्यांमध्ये नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. ते गाणंही असतं आणि रडणंही. नुसतं रडलं तर चालत नाही, आणि नुसतं गायलं तर त्याहून चालत नाही. तांड्यातल्या पोरींना ते याडी शिकवायची. एकदा रवीनं तिची शिकवणी फोनवर रेकॉर्ड केली. फोन पुढे बिघडला आणि रेकॉर्डिंग एका जुन्या हार्ड डिस्कवर तेवढं उरलं. आता माझ्या मुलीचं, उर्वशीचं लग्न ठरलं होतं आणि ती म्हणत होती, शिकीन तर आजीकडूनच. मला येत नाही. माझ्या लग्नात डीजे होता.

"मंग लावा ना ते आताच," मी रवीला म्हटलं.

"जुनी डिस्क हाय. घडीघडी फिरवली त मरंल. सर्व्हर बनू दे, एकदाच लावू अन् कॉपी करू."

"कधी बनते तो?"

"अभ्यास करून राह्यलो ना."

त्यानं वीज मोजायचं एक मीटर आणलं आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला लावून पाहिलं. फ्रिजची चौकशी झाली, टीव्हीची झाली, मी चटणी वाटत असताना मिक्सरची झाली. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर इतकी वीज खातो असं निघालं, की त्याचं नाव रेडा पडलं आणि त्याच्यावर चादर टाकण्यात आली. मग प्रोसेसर बघणं सुरू झालं. एक थंड राहायचा पण मंद होता. दुसरा चपळ होता, पण त्याला पंखा लागायचा, आणि पंखा म्हणजे पुन्हा वीज. जेवताना तेच, अंथरुणावर तेच.

"बाबानं माह्यासाठी पोरगा पाहाले एवढा टाइम नाई लावला," उर्वशी म्हणाली. ते खरंच होतं.

शेवटी साबणाच्या वडीएवढं एक सर्किट घरी आलं. पंखा नाही, आवाज नाही. मीटरवरचा आकडा रवीनं मला हात धरून नेऊन दाखवला. मग त्या वडीला त्यानं जुनी डिस्क जोडली. डिस्क टक् वाजली. पुन्हा टक् वाजली. मग गप्प झाली. त्यानं वायर काढून लावली, पुन्हा काढून लावली. दरवेळी तेवढंच.

"गेली," तो म्हणाला.

आई दुसऱ्यांदा गेली असं मला वाटलं. पहिल्या वेळी देवाला बोल लावला होता. या वेळी ज्याला बोल लावायचा तो समोर मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या हातात अजून मीटर होतं. उर्वशी उठून लग्नाच्या साड्यांच्या घड्या घालायला लागली, ते मला जास्त लागलं.

मी डिस्क उपटली, चादर ओढून फेकली आणि रेड्याचं बटण दाबलं.

"काय करून राह्यली?"

"मरतच हाय त पोटभर खाऊन मरू द्या."

रेडा घरघरला. डिस्क लावली. ती टक् वाजली नाही, सरळ फिरायला लागली. रवीनं स्क्रीनकडे बघितलं, हातातल्या मीटरकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "उपाशी होती ते. त्या बोर्डातून तिले वीजच पुरत नव्हती." कोण किती वीज खातं याचा त्याचा अभ्यास पक्का होता. कोणाला किती लागते, हे त्यात आलं नव्हतं. एरवी मी चार शब्द सुनावले असते, पण तो मुकाट्यानं तीन ठिकाणी कॉपी करत होता.

मग त्यानं रेकॉर्डिंग लावलं. आधी कोंबड्या, भांडी, कुणाचं तरी खोकणं. एक पोर लाजत लाजत, ओठांतल्या ओठांत म्हणत होती. आणि याडी आमच्या गोर बोलीत तिच्यावर खेकसली, की आवाज वाचवून कोणासाठी ठेवतेस, सगळा काढ. मग तिनं स्वतःच काढला.

उर्वशी तिच्यामागून म्हणायला लागली. मग मीही. मला शब्द येत नव्हते, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसतं रडणंच आलं, आणि ते मी सगळं काढलं. शेजारच्या विमलताई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या.

"काय झालं वं ममता? कोण गेलं?"

माझं रडणं चालूच होतं. रवीनं डोळे पुसले आणि चष्मा लावला.

"कोणी नाई गेलं, ताई. आमच्या सासूबाई सापडल्या."