आवाज गेला की झालं

कुईंऽऽ

उतारावर ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची. सुनेने नवऱ्याला सांगितलं, "अहो, पॅड झिजलेत. पॅडला पत्र्याची जीभ असते, ती चाकामागच्या डिस्कला, त्या फिरत्या लोखंडी तबकडीला, घासून ओरडते. नवे आणू, घरीच बदलू."

गाडी रोज तीच चालवायची, मागे लेक. अंगण उताराचं, आणि गेटच्या पलीकडे थेट वाहता रस्ता.

"तू कशाला? मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' त्या घराने बरंच भोगलं होतं. मिक्सर त्यातच गेला. शेजाऱ्यांची इस्त्रीसुद्धा.

"बाळाच्या हाताला गुण आहे," सासूबाई म्हणाल्या. (बाळाला टक्कल पडूनही जमाना झाला होता.)

(इथे आवाज नाही)

म्हणजे झालं असं, की सून कामावर असताना बाळाने पुढची चाकं काढली, पाना स्वतःच्या पायावर पाडला आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली. त्या घरात जे कुरकुरेल त्याला तेल. दार, पंखा, कपाट. बायको कुरकुरली तर 'बरं बरं'. तेही एक तेलच.

"हाताने फिरवून बघ ही डिस्क! चकार शब्द नाही," सून घरी येताच तो म्हणाला.

सुनेने डिस्कवर बोट फिरवलं. बोट चकाकलं.

"ज्याला घट्ट धरून गाडी थांबते, त्यालाच निसरडं केलंत?"

"थिअरी नको. आवाज गेला ना?"

"गेला. आता चाकं बसवा आणि गेटपर्यंत चालवून दाखवा." तिने आधी जाऊन गेट लावून घेतलं. "आई, बसा मागे. तुमच्याच बाळाचा हात."

सासूबाईंनी तत्काळ गुडघा धरला. "आज जरा धरलाय गं. तू हो पुढे, बाळ."

धाड

ब्रेक दाबला, गाडी आपली निघालीच. हँडब्रेक आठवेपर्यंत गेटनेच काय ते काम केलं.

बाळ उतरला. चेपलेल्या बंपरकडे पाठ करून म्हणाला, "पण आवाज आला का?"

ठप्

नवे पॅड सुनेने आणले. तेल प्यायलेले जुने फेकले, डिस्क ब्रेक-क्लीनरने लख्ख पुसली, पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला, पॅड बसवले आणि पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहिली. बाळ बाजूला उभा राहून "हां, अस्संच" म्हणत होता. मग तिने अंगणात गाडी सोडली, थांबवली, सोडली, थांबवली. दरवेळी जागच्या जागी.

सासूबाई न बोलावता मागे येऊन बसल्या. गुडघ्याचं नाव नाही.

"आता मी चालवतो," म्हणत बाळ पुढच्या दाराकडे वळला.

मागचं दार उघडलं. एक पाय बाहेर आला. "अगं, हा गुडघा मेला…"

सुनेने किल्ली वर धरून दाखवली, तसा पाय आत गेला.